आईबाबांना पनामा कालव्यातून न्यायचंय – बडोद्याहून तयारी कशी करावी?

सुरसागरकाठ
नमस्कार मंडळी. इथे आधी फक्त वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय.

बाबा बहात्तर वर्षांचे, आई अडुसष्टची. बाबांची सगळी नोकरी नर्मदेच्या मुख्य कालव्यावर झाली. आम्ही लहान असताना रविवारी फिरायला जायचं म्हणजे स्कूटरवरून कालव्याच्या काठाला जायचं, आणि तिथे दरवाजे कसे उचलतात, पाणी कुठे वळवतात हे ते आम्हाला दाखवायचे. त्यांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला मासिकातून कापलेलं पनामा कालव्याचं एक चित्र चिकटवलेलं आहे. आता ते पार पिवळं पडलंय. निवृत्तीच्या दिवशी कोणीतरी विचारलं, आता काय करणार? तर म्हणाले, "ते दार उघडताना एकदा बघायचंय." त्यानंतर या विषयावर त्यांनी एक शब्द काढलेला नाही. मागणं हा त्यांचा स्वभावच नाही.

भाऊ कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय की पुढच्या हिवाळ्यात त्यांना न्यायचं. मी सोबत जाणार आहे. दोन आठवडे वाचतेय, पण जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. अडलेल्या गोष्टी अशा: काही जहाजं कालवा पूर्ण पार करतात, काही अर्ध्यातून परत येतात, यात नेमका फरक काय? महिना कोणता निवडावा? आईचे गुडघे दुखतात आणि ती अंडंसुद्धा खात नाही, तर तिचं कसं होईल? आणि व्हिसाचं काय?

पैसे आमच्या बेताने आहेत. पण बाबांना जे बघायचंय त्यात काटकसर करायची नाही.

खंडेराव_मार्केट
ताई, कल्पना फार छान आहे. पण पनामा जगाच्या दुसऱ्या टोकाला! सुएझ आपल्याला केवढं जवळ. सयाजीराव महाराज १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले ते मुंबईहून बोटीने, त्याच वाटेने. बडोद्याच्या माणसाला तो कालवा जास्त आपला नाही का वाटणार?

दर्यावर्दी
सुरसागरकाठ, मी एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर होतो, आता अलकापुरीत राहतो. सुएझमधून किती वेळा गेलो याची मोजदाद नाही, पनामातून अकरा वेळा गेलो. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी सुएझचं. तो १८६९ चा, १९३ किलोमीटर लांब, आणि त्यात एकही लॉक (पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली नेणारा दरवाजांचा बंदिस्त कप्पा) नाही. वाळवंटातून सरळ पाणी, दोन्हीकडे वाळू. जहाज जसं शिरतं तसंच बाहेर पडतं. तुमच्या बाबांना जे दार बघायचंय ते तिथे नाहीच. शिवाय २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून प्रवासी जहाजांच्या कंपन्यांनी त्या बाजूच्या कितीतरी सफरी रद्द केल्या किंवा आफ्रिकेला वळसा घालून नेल्या. म्हाताऱ्या माणसांना घेऊन अशा बेभरवशाच्या वाटेवर जाऊ नये.

आता पनामा. इथे जहाज डोंगर चढतं. अटलांटिककडून आलात की गातुनचे तीन लॉक, एकापुढे एक. त्यातून जहाज समुद्रापासून सुमारे २६ मीटर वर उचललं जातं आणि गातुन तलावात सोडलं जातं. मग तलाव, मग कुलेब्राची खोल खिंड, आणि पलीकडे उतरताना पेद्रो मिगेलला एक पायरी, मिराफ्लोरेसला दोन. एकूण सुमारे ८० किलोमीटर, आठ ते दहा तास.

अर्धी सफर म्हणजे जहाज गातुनचे लॉक चढून तलावात येतं, थांबतं आणि त्याच वाटेने परत उतरतं. लॉक दोनदा बघायला मिळतात हे खरं. पण कुलेब्रा नाही, मिराफ्लोरेस नाही, आणि एका महासागरातून दुसऱ्यात गेल्याची ती भावनाही नाही. कालवा हेच ज्याचं स्वप्न आहे त्याला अर्ध्यातून परत आणू नका.

आणि भाऊ कॅलिफोर्नियात असेल तर प्रश्नच मिटला. फ्लोरिडातून चढा, सॅन दिएगो किंवा लॉस एंजेलिसला उतरा. साधारण दोन आठवडे ते सतरा दिवस.

रावपुऱ्याची_सून
दर्यावर्दी काकांच्या शब्दाशब्दाला दुजोरा. आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन गेलो तेव्हा एजंटने "पनामा कॅनॉल क्रूझ" म्हणून विकलं. अर्धं की पूर्ण हे आम्ही विचारलंच नाही, त्यानेही सांगितलं नाही. जहाज तलावात नांगर टाकून उभं राहिलं तेव्हा कळलं की इथूनच मागे फिरायचंय. सासरे रेलिंगला धरून समोरच्या खिंडीच्या दिशेने बघत किती वेळ उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण मला अजून ते आठवलं की पोटात तुटतं. गेल्या वर्षी ते गेले.

आणखी एक चूक झाली. जहाज प्रचंड मोठं होतं, म्हणून ते नव्या लॉकमधून गेलं. ताई, हे नक्की तपासून घ्या. तुमच्या बाबांच्या चित्रातले दरवाजे जुन्या लॉकचे असतील ना?

सुरसागरकाठ
काय बोलावं कळत नाहीये. तुम्ही हे लिहिलंत म्हणून आमच्या हातून ती चूक होणार नाही. मनापासून आभार.

हो, चित्रात दोन फळ्यांचे मोठे दरवाजे आहेत, वाड्याच्या दरवाजासारखे, आणि बाजूला रुळांवर छोटी इंजिनं. म्हणजे जुने आणि नवे असे दोन वेगळे लॉक आहेत?

दर्यावर्दी
हो. जुने १९१४ चे. प्रत्येक लॉक ३३.५ मीटर रुंद, सुमारे ३०५ मीटर लांब. नवे २६ जून २०१६ ला सुरू झाले: अटलांटिककडे आग्वा क्लारा, पॅसिफिककडे कोकोली. ते ५५ मीटर रुंद, ४२७ मीटर लांब. नव्यात दरवाजे भिंतीतून आडवे सरकत येतात आणि जहाजाला टगबोटी धरतात. इंजिनं नाहीत, दोन फळ्या नाहीत.

ओळखायचं कसं? जहाजाच्या माहितीत रुंदी दिलेली असते. ती ३२.३ मीटर किंवा त्याहून कमी असेल तर जहाज साधारणपणे जुन्या लॉकमधून जातं. कोरल प्रिन्सेस आणि आयलंड प्रिन्सेस ही दोन जहाजं तर या कालव्याचं माप डोळ्यांसमोर ठेवूनच बांधलेली. हॉलंड अमेरिका कंपनीचीही त्या मापाची जहाजं आहेत. उलट नॉर्वेजियन ब्लिससारखं अजस्र जहाज २०१८ मध्ये गेलं ते नव्या लॉकमधून. बुकिंगच्या आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या: "पूर्ण पार होणार ना, आणि कोणत्या लॉकमधून?"

३२.२ मीटरचं जहाज ३३.५ मीटरच्या लॉकमध्ये शिरतं म्हणजे दोन्ही बाजूंना साठ-पासष्ट सेंटिमीटर उरतात. खालच्या मजल्याच्या खिडकीतून त्या वेळी फक्त काँक्रीट दिसतं, शंभर वर्षांपूर्वीचं. मी प्रत्येक वेळी ते बघायला डेकवर जायचो.

आणखी एक, ज्यांना जहाजाची आवड आहे त्यांच्यासाठी. जगात जवळजवळ सगळीकडे पायलट (वाट दाखवायला जहाजावर चढणारा स्थानिक जाणकार) सल्ला देतो, हुकूम कॅप्टनचाच. पनामात जहाजाचा ताबाच पायलटकडे जातो. आणि या सगळ्या यंत्रणेत जहाजाचा पहिला दोर आणायला दोन माणसं वल्ह्यांच्या होडीतून यायची. पहाटेच्या अंधारात ती होडी अजून येते का ते बघा. दिसली तर बाबांना दाखवा.

इंदूरकर_सध्या_बडोद्यात
व्हिसाबद्दल. माझ्या आईवडिलांचं गेल्या वर्षीच केलं म्हणून ताजं आहे.

अमेरिकेचा मल्टिपल-एन्ट्री पर्यटक व्हिसा लागेल, कारण तुम्ही अमेरिकेतून निघून पुन्हा अमेरिकेतच उतरणार. मल्टिपल-एन्ट्री हा शब्द महत्त्वाचा. गुजरात मुंबईच्या वाणिज्य दूतावासाखाली येतो. बोटांचे ठसे आणि मुलाखत असे दोन वेगळे दिवस असतात, ते लागोपाठचे घ्या म्हणजे मुंबईला दोन खेपा होत नाहीत. मुलाखतीला मी आईवडिलांना सांगितलं होतं, जे खरं आहे तेच आणि तेवढंच बोला. वडिलांना विचारलं कशाला जाताय, ते म्हणाले मुलाला भेटायला. बास. तुमच्या बाबांनी तर कालवा बघायला जातोय असंच सांगावं. इतकं स्पष्ट कारण क्वचितच कोणाकडे असतं.

व्हिसाच्या तारखा फार पुढच्या मिळतात. जहाजाचे पैसे भरायच्या आधी हे काम हातात घ्या.

बाकी देशांचं: अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोला वेगळा लागत नाही. कोलंबिया, पनामा, कोस्टा रिका यांच्याकडेही त्या व्हिसावर सवलत असते, पण अटी बदलत राहतात. म्हणून तुमच्या जहाजाच्या प्रत्येक बंदराचं नाव लिहून कंपनीला ई-मेल करा आणि उत्तर छापून सोबत ठेवा. तोंडी उत्तरावर जाऊ नका. चढताना कागद नसला तर कंपनी चढू देत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत.

कीर्तिस्तंभ
एक प्रश्न. मार्गात कोलंबियातलं कार्ताहेना हे बंदर सगळ्याच जहाजांना का असतं? मी तीन-चार कंपन्यांचे मार्ग बघितले, सगळ्यांत आहे.

दर्यावर्दी
छान निरीक्षण. अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन दुसऱ्या बंदरात सोडायचे असतील, तर मधे "दूरच्या परदेशी" बंदरात थांबावंच लागतं. बहुतेक कॅरिबियन बेटं आणि पनामा त्या व्याख्येत बसत नाहीत, दक्षिण अमेरिका बसते. म्हणून कार्ताहेना, किंवा अरुबा-कुरासाव. यातून तुमच्या कामाचं एक: मधल्याच कुठल्या अमेरिकी बंदरात मनाने उतरून जायचं नाही, दंड होतो.

कार्ताहेनाचा जुना कोट सुंदर आहे, पण ऊन फार आणि रस्ते दगडी. आईंच्या गुडघ्यांना तिथे गाडीतून फिरवा.

नाडीपरीक्षा
मी डॉक्टर आहे. सगळेजण व्हिसाबद्दल बोलतायत, पण भारतीयांसाठी याहून मोठी अडचण दुसरीच आहे आणि ती बहुतेकांना विमानतळावर कळते: पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर.

भारताच्या यादीत पनामा आणि कोलंबिया दोन्ही आहेत. त्या देशांतून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. हा नियम कडक वाटतो, पण कारण आहे. हा आजार पसरवणारा डास म्हणजे एडिस इजिप्ती, तोच आपल्याकडे डेंग्यू देतो. बडोद्यात पावसाळ्यानंतर काय होतं ते आपण बघतोच. डास आहे, रोग नाही. एकदा रोग आत आला तर काय होईल त्याचा विचार करा.

लस एकदाच घ्यायची, प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. सरकारने नेमलेल्या केंद्रातच मिळते. मुंबईला बंदराच्या आरोग्य विभागात आहे.

पण ताई, ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. तो विरळा असतो, तरी तरुणांपेक्षा जास्त. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर देत नाहीत. म्हणून तुम्ही निःशंकपणे घ्या. आईबाबांसाठी मात्र त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून सगळ्या औषधांची यादी लिहून घ्या आणि केंद्रातल्या डॉक्टरांपुढे ठेवा. गरज आणि धोका तोलून ते ठरवतील. घाई करून "घेऊन टाका" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

दर्यावर्दी
डॉक्टरसाहेब, तुम्ही सहा दिवस म्हणालात तिथेच मार्ग आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे पूर्ण सफर केली, तर पनामानंतर कोस्टा रिका, ग्वाटेमाला, मेक्सिको असं करत कॅलिफोर्नियाला पोचायला आठवडा किंवा जास्त लागतो. मग मुलाकडे राहणार. भारतात उतरेपर्यंत सहा दिवस कधीच उलटलेले असतील. उलट दिशेने, म्हणजे पनामा शेवटी ठेवून फ्लोरिडातून लगेच विमान धरलं, तर अडचण.

नाडीपरीक्षा
बरोबर, भारताच्या नियमापुरतं तसंच आहे. फक्त मधले देशही कोलंबियाहून आलेल्यांकडे प्रमाणपत्र मागू शकतात. तेही कंपनीला विचारायच्या ई-मेलमध्ये घाला. आणि पासपोर्टवरच्या तारखांचे पुरावे जपून ठेवा.

विम्याबद्दलही सांगतो. रक्तदाब, मधुमेह जे असेल ते लपवू नका, आधीच्या आजारांसकट संरक्षण देणारी पॉलिसी घ्या आणि त्यात समुद्रातून रुग्णाला हलवायचा खर्च आहे का ते बघा. जहाजावर दवाखाना असतो, पण बिल अमेरिकी असतं. औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा दहा दिवस जास्तीची, दोन वेगळ्या पिशव्यांत.

सुरसागरकाठ
आज संध्याकाळी हा सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. आम्ही हे करतोय हे त्यांना आजपर्यंत माहीत नव्हतं. आधी गप्प बसले. मग चष्मा लावून म्हणाले, "मला त्यांना लिहायचंय." ते सांगतायत, मी टाइप करतेय.

"सर्वांना नमस्कार. माझ्यासाठी अनोळखी माणसं एवढा विचार करतायत हे बघून भरून आलं.

पनामात लॉक का, यावर बहुतेकांची समजूत अशी की दोन समुद्रांच्या पातळीत फरक आहे. फरक अगदी थोडा आहे. लॉक आहेत ते मधल्या डोंगरामुळे. सुएझ खणणाऱ्या फर्डिनांड द लेसेप्सने १८८१ मध्ये पनामात हात घातला तो सुएझसारखाच समुद्रपातळीचा कालवा काढायचा म्हणून. डोंगर खणत खाली न्यायचा. पण पाऊस पडला की कुलेब्राचे कडे खचून खणलेलं भरून टाकत आणि चाग्रेस नदीला पूर आला की सगळं वाहून जाई. १८८९ मध्ये कंपनी बुडाली. वीस हजारांवर माणसं मेली.

अमेरिकनांनी १९०४ मध्ये काम घेतलं आणि शेवटी उलटा विचार केला. जी नदी शत्रू होती तिलाच गातुनला धरण घालून अडवलं. तिचा तलाव केला आणि तोच रस्ता झाला. समुद्र डोंगराखाली आणण्याऐवजी जहाज डोंगराच्या उंचीला न्यायचं. पाणी वरून खाली वाहतं, बास. लॉक भरायला एकही पंप नाही. भिंतींच्या आतून माणूस उभा राहील असे बोगदे आहेत, झडप उघडली की तलावाचं पाणी खालून वर येतं आणि हजारो टनांचं जहाज आठेक मिनिटांत उचललं जातं. आजव्याचं पाणी बडोद्याला उतारानेच येतं, तसंच हे.

आणि दरवाजे. ते बंद होतात तेव्हा सरळ रेषेत येत नाहीत, वरच्या पाण्याकडे टोक करून मिटतात. त्यामुळे पाणी जितकं जोरात ढकलेल तितके ते घट्ट बसतात. त्यांना दाबून धरणारं पाणीच आहे. आणि आतून पोकळ असल्यामुळे पाण्यात त्यांचं वजन बिजागऱ्यांवर फार येत नाही. मी आयुष्यभर रेडियल गेट, म्हणजे कमानीसारखे वर उचलायचे दरवाजे पाहिले, ते उत्तमच असतात. पण हा विचार ज्याला सुचला त्याच्यापुढे मी हात जोडतो.

एक गोष्ट माझ्या आईसाठी सांगतो. आमच्याकडे फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. पनामात फ्रेंचांच्या आंकोनच्या इस्पितळात रोग्यांच्या खाटांच्या पायांखाली अशाच वाट्या होत्या. त्याच वाट्यांत डास वाढले आणि बरं व्हायला आलेली माणसं तिथेच पीतज्वराने मेली. रोनाल्ड रॉसने आपल्या सिकंदराबादला १८९७ मध्ये डासाच्या पोटात मलेरिया शोधला, हवानात १९०० मध्ये पीतज्वराचं गूढ सुटलं, आणि मग गोर्गस नावाच्या डॉक्टरने पनामात घराघरातलं साचलेलं पाणी काढलं. १९०६ पर्यंत कालव्याच्या पट्ट्यातून पीतज्वर गेला. तरीही अमेरिकनांच्या काळात सुमारे ५,६०० माणसं गेली, बहुतेक बार्बाडोससारख्या बेटांवरून आलेले मजूर. बाकी लोक काँक्रीट बघोत. मला ते दार बघताना त्यांची आठवण ठेवायची आहे."

एवढं सांगून झोपायला गेले. मी अजून बसलेय.

खंडेराव_मार्केट
सुएझचा आग्रह मागे घेतो. काकांना नमस्कार सांगा. मंडळात एखाद्या रविवारी त्यांचं व्याख्यान ठेवायला हवं, येतील का?

निमेटा
काकांचं लिखाण दोनदा वाचलं. पाण्याच्या खात्यात काम करत असल्यामुळे एक भर घालतो.

वरून खाली वाहणाऱ्या या पाण्याची किंमत मोठी आहे. एक जहाज पार होताना सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. नव्या लॉकमध्ये शेजारी हौद बांधून त्यांच्या पाण्यातलं ६० टक्के पुन्हा वापरतात, जुन्यात ती सोय नाही. आणि त्याच तलावातून पनामा सिटी आणि कोलोनला पिण्याचं पाणी जातं. २०२३ मध्ये पाऊस कमी पडला, तेव्हा दिवसाला छत्तीस-अडतीस जहाजं सोडणाऱ्या कालव्याला ती संख्या चोवीसच्या खाली आणावी लागली. समुद्रात जहाजांच्या रांगा लागल्या. दोन महासागर शेजारी आणि अडचण प्यायच्या पाण्याची.

आता रिओ इंदिओ नदीवर नवीन धरण बांधायचा प्रस्ताव आहे आणि ज्यांची गावं जातील ते लोक विरोध करतायत. नर्मदेच्या माणसाला हे नवीन नाही.

सुरसागरकाठ
बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "त्यांना सांग, कालव्यात जमिनी गेलेल्यांच्या घरी मी चहा प्यायलोय. पाणी आल्यावर आनंद झालेले पाहिलेत आणि घर सोडताना उंबऱ्याला हात लावणारेही पाहिलेत. दोन्ही खरं आहे. गातुनच्या तळाशीही गावं आहेत, जुना रेल्वेमार्ग आहे. तलावावरून जाताना मी हेही लक्षात ठेवीन."

आता महिना ठरवायचाय. जानेवारी की मार्च?

दर्यावर्दी
जानेवारी. तिथे डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडा हंगाम. जानेवारीत पाऊस नुकताच संपलेला, तलाव भरलेला आणि डोंगर हिरवे असतात. एप्रिलमध्ये अलास्काकडे जाणारी जहाजं याच वाटेने जातात आणि ती स्वस्त मिळतात. पैशांचा विचार असेल तर ती बघा.

एक सावधगिरी. हिवाळ्यात दक्षिण मेक्सिकोजवळ तेहुआंतेपेकच्या आखातात जमिनीवरून जोराचे वारे सुटतात. एखादी रात्र जहाज हलेल. म्हणून खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं. लिफ्टही जवळ पडते, आईंना बरं.

बाल्कनीवर पैसे घालायचेच असतील तर उजव्या बाजूची घ्या. कालवा संपला की कॅलिफोर्नियापर्यंत किनारा उजवीकडेच राहतो. कालव्याच्या दिवशी मात्र खोलीत बसायचं नाही. सगळे पुढच्या उघड्या डेकवर जातात आणि पहाटे पाचलाच जागा भरतात. नकाशा बघा, अटलांटिकहून पॅसिफिकला जाताना जहाज पश्चिमेला जात नाही, आग्नेयेला जातं. म्हणजे सकाळचं ऊन डाव्या अंगाला, दुपारनंतर उजव्या. त्याप्रमाणे बाबांची खुर्ची हलवा. टोपी, पाणी, आणि दुपारी तास-दोन तास विश्रांती. तलावावरचा वेळ विश्रांतीचा. कुलेब्रा येण्याआधी उठवा.

पश्चिमेकडे जाण्यात आणखी एक सुख आहे. घड्याळ तीनदा एकेक तास मागे जातं, म्हणजे तीन रात्री झोपेला तासभर जास्त. उलट दिशेने तीन तास कापले जातात, वयस्कर माणसांना ते जाणवतं.

रावपुऱ्याची_सून
जेवणाचं मी सांगते. बुकिंग झाल्याबरोबर शाकाहारी, अंडंही नको, असं लेखी कळवा. आणि चढल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटून पुन्हा सांगा. आमच्यासाठी रोज वेगळं वरण-भाजी करून द्यायचे, भारतीय आचारी होता. घरचं शिजवलेलं नेता येत नाही. बंद पाकिटातले खाखरे, लीलो चिवडा आणि भाकरवडी मात्र नेली होती, ती कोणी अडवली नाही. सासूबाईंना चार वाजता चहासोबत आपलं काहीतरी तोंडात टाकायला मिळालं की दिवस बरा जायचा.

निघायच्या बंदराच्या गावात दोन दिवस आधी पोचा. विमान चुकलं तर जहाज थांबत नाही. आणि विमानतळावर व्हीलचेअर मागायला आईंना संकोच वाटू देऊ नका.

इंदूरकर_सध्या_बडोद्यात
परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस (विकणाऱ्याने आधीच घेतलेला आयकर) कापतात, तो रिटर्न भरताना वळता होतो. पावती जपा. जहाजाच्या भाड्यात रोजची बक्षिसी आणि बंदरकर वेगळे असतात, हिशेबात आधीच धरा. अमेरिकेहून बुकिंग केलं तर भावाला कार्डावर करता येईल, पण आईबाबांची नावं पासपोर्टवर आहेत अगदी तशीच घालायला सांगा. माझ्या वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, ते सुधारायला तीन आठवडे गेले.

कीर्तिस्तंभ
समजा व्हिसा वेळेत आला नाही तर?

दर्यावर्दी
तर पनामा सिटीला विमानाने जायचं. मिराफ्लोरेसला प्रेक्षकांसाठी गॅलरी आहे, तिथून दरवाजे अगदी समोर दिसतात. शिवाय छोट्या बोटी प्रवाशांना घेऊन मिराफ्लोरेस आणि पेद्रो मिगेलमधून नेतात. त्यात तुम्ही पाण्याच्या पातळीजवळ असता आणि भिंत डोक्यावर उंच जाते. १९२८ मध्ये रिचर्ड हॅलिबर्टन हा कालवा पोहून गेला आणि त्याच्या वजनाप्रमाणे ३६ सेंट जकात भरली, त्याला जे दिसलं असेल त्याच्या सगळ्यांत जवळचं हेच. शहरात गुजराती आणि सिंधी व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे, त्यामुळे शाकाहारी जेवणाची चिंता नाही. पण त्या वेळी पीतज्वराच्या सहा दिवसांचा हिशेब नव्याने मांडावा लागेल, आणि पनामाच्या व्हिसाचाही.

सुरसागरकाठ
बऱ्याच दिवसांनी येतेय, ठरलं तसं सांगायला.

तिघांचेही व्हिसा आले. मुलाखतीत बाबांनी खरंच कालव्याचं सांगितलं. अधिकाऱ्याने विचारलं, तुम्ही कुठल्या कालव्यावर होता? बाबांनी नर्मदा म्हटलं, आणि तेवढ्यावर पासपोर्ट ठेवून घेतला.

जहाज ३२.२ मीटर रुंदीचं. पूर्ण सफर, जुन्या लॉकमधून, कंपनीचं लेखी उत्तर आलंय. जानेवारीचा दुसरा आठवडा. खोली मध्यावर, खालच्या मजल्यावर. बाल्कनी घेतली नाही, त्या पैशांत विमानात आईबाबांना पाय लांब करता येतील अशा जागा घेतल्या. मी लस घेतली. आईबाबांच्या बाबतीत केंद्रातल्या डॉक्टरांनी औषधांची यादी बघून नको सांगितलं आणि तसं लिहून दिलं. ते पत्र कंपनीला पाठवलं, त्यांनी मार्गातल्या बंदरांसाठी चालेल असं कळवलं. उतरल्यावर तीन आठवडे भावाकडे.

खंडेराव_मार्केट, बाबा व्याख्यानाला तयार आहेत, पण म्हणतात, बघून आल्यावर.

काल घरी आले तर बाबांनी बैठकीत भिंतीपासून पासष्ट सेंटिमीटरवर जमिनीवर खडूने रेघ ओढलेली. रेघ म्हणजे जहाज, भिंत म्हणजे लॉक. आई झाडताना ती पुसली जाणार नाही एवढं अंतर ठेवून झाडते.